नथीतला मोती आणि गहाण पडलेला माणूस



यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या एका वहिनींनी सासूबाईंची नथ घातली होती. सगळ्या जणींनी ती कौतुकाने पाहिली. "बसऱ्याचे मोती आहेत, आता असे मिळायचे नाहीत," असे वहिनी म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या सातवीतल्या लेकीने विचारले, "बसरा म्हणजे इराकमधलाच ना? मग तिथे मोती कोण काढायचं?" प्रश्न साधा होता, पण आम्हा मोठ्यांपैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. तिळगूळ वाटण्याच्या गडबडीत तो तसाच राहून गेला.

त्याच संध्याकाळी बाहेर व्हरांड्यात पुरुष मंडळींत दुसराच विषय चालला होता. चिपळूणकडचा एक मुलगा इथे कामाला आला आहे. एजंटाला पैसे देण्यासाठी त्याने गावचे घर आणि आईचे दागिने गहाण टाकले. पगार ठरला होता त्याहून कमी निघाला, आणि पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. "सोडून का जात नाही?" असे कुणीतरी विचारले. दुसरे म्हणाले, "जाणार कसा? कर्ज आहे ना डोक्यावर."

हे दोन्ही प्रश्न एकाच किनाऱ्यावरचे आहेत, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. त्यानंतर कार्यकारिणीतल्या आम्ही दोघा-तिघांनी थोडे वाचन केले. ते सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

आधी मोत्यांचे. बसरा हे बाजाराचे नाव, खाणीचे नव्हे. ज्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो ते याच आखाताच्या तळाशी, बहारीनपासून अबू धाबी-दुबईपर्यंतच्या समुद्रातल्या शिंपल्यांत सापडत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉरिमर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आखाताचे मोठे गॅझेटियर तयार केले. त्यात साऱ्या आखातात सुमारे ४,५०० मोत्यांची गलबते आणि त्यांवर सुमारे ७४,००० माणसे असल्याचा अंदाज दिला आहे. आपले खोर फक्कान त्या वेळी साधारण दीडशे घरांचे गाव होते. खजुराची झाडे, थोडा गहू आणि मोत्यांसाठी बुडी मारणे यांवर गावाचे पोट चाले. मोत्यांचे तळ डोंगरापलीकडे आखाताच्या बाजूला. आज आपण शारजाच्या नव्या रस्त्याने बोगद्यांतून तासाभरात पलीकडे जातो. तेव्हाची माणसे उन्हाळ्यात पलीकडच्या गलबतांवर रुजू होत आणि चार महिने परतत नसत.

या मोत्यांचा मोठा बाजार होता आपली मुंबई. व्यवहार रुपयांत होई. इथल्या किनाऱ्यावर राहणारे हिंदुस्थानी व्यापारी पैसा पुरवीत आणि मुंबईच्या पेढ्यांवर मोती भोके पाडून, वर्गवारी होऊन, पॅरिस-लंडनला जात. काही आपल्या नथींत, तन्मणींत आणि चिंचपेट्यांत येत.

काम कसे चाले? गलबताचा प्रमुख म्हणजे नाखुदा. हाच शब्द आपल्या कोकणात 'नाखवा' झाला आहे. त्याच्या हाताखाली पाणबुडे आणि त्यांचे दोर ओढणारे गडी. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जाई, श्वास पुरेल तोवर शिंपले टोपलीत भरी आणि दोराला हिसका देई. वरचा गडी त्याला ओढून घेई. असे दिवसभर, जून ते सप्टेंबरच्या उन्हात. पगार नसे. मोसम संपला की विक्रीतून खर्च वजा करून उरलेल्याचे वाटे पडत.

पण चार महिने घरच्यांनी खायचे काय? म्हणून मोसमाच्या आधी नाखुदा पाणबुड्याला पैसे देई. त्याला म्हणत 'सलफ'. बिगरमोसमात धान्याकापडासाठी मिळे ते 'तिसकाम'. मराठवाड्यातल्या सभासदांना हे समजावून सांगायची गरज नाही. बीडच्या ऊसतोड कामगाराला मुकादम देतो ती 'उचल', तिचाच हा भाऊ. नाखुदाही स्वतःच्या पैशाने देत नसे. तो किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याचे कर्ज घेई आणि व्यापाऱ्याच्या पाठीशी मुंबईचा पैसा असे. व्याज धर्माला मंजूर नव्हते, म्हणून ते नावाने घेतले जात नसे. तांदूळ-कापड बाजारभावाहून महाग लावायचे आणि मोती बाजारभावाहून स्वस्त घ्यायचे, म्हणजे झाले. चोपडी नाखुदाकडे, आणि पाणबुड्याला वाचता येत नसे.

मोसम वाईट गेला की बाकी पुढच्या मोसमावर जाई. चांगला गेला तरी ती सहसा फिटत नसे. बाकी असेपर्यंत त्याला दुसऱ्या गलबतावर जाता येत नसे. जायचेच असेल तर नव्या नाखुदाने जुन्याची बाकी चुकती करायची. तशी चिठ्ठी असे, तिला 'बरवा' म्हणत. चिठ्ठीवर रक्कम लिहिलेली आणि ती जो भरेल त्याच्याकडे माणूस जाणार. कुणी म्हणत नसे की माणूस विकला. म्हणत, बाकी वर्ग केली. आणि पाणबुड्या मेला तर बाकी मुलावर किंवा भावावर येई. बापाचा दोर मुलाच्या कमरेला. बहारीनमध्ये १९२०च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुधारणा झाल्या, हिशेबाच्या वह्या पाणबुड्याच्या हाती देण्याचा नियम आला आणि वारशाने येणारे कर्ज बंद करण्याचा प्रयत्न झाला. या किनाऱ्यावर जुनी रीत त्यानंतरही चालली.

हे झाले स्वतंत्र पाणबुड्याचे. त्याच गलबतांवर विकत घेतलेले गुलामही असत. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून माणसे, बहुधा मुले, पळवून आणली जात. बरीचशी आपल्या या बाजूच्या किनाऱ्यांवर, कलबापासून खाली ओमानच्या बातिनापर्यंत, उतरवली जात. कुणी खजुराच्या बागेत पाणी काढी, कुणी मोत्यांसाठी बुडी मारी. गुलाम पाणबुड्याचा वाटा धनी घेई. स्वतंत्र माणूस आणि गुलाम यांत फरक मोठा होता, तो पुसून टाकू नये. एकाला घर होते, बायकामुले होती, हिवाळ्यात तो आपल्या दारात बसे. दुसऱ्याला त्याची बायकामुलेही धन्याची. पण जूनमध्ये गलबतावर चढताना दोघांनाही 'नाही' म्हणता येत नसे.

आता इंग्रजांचे पाहा. या किनाऱ्याचा कारभार पाहणारी बुशहरची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. १८४७ मध्ये इथल्या शेखांकडून करार करून घेतला गेला की आपल्या गलबतांतून गुलामांची ने-आण करायची नाही. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८७३ मध्ये झांझिबार आणि मस्कतशी असेच करार घडवले. समुद्रात पकडलेल्या गलबतांवरून सोडवलेली काही मुले मुंबईला आली आणि नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. आपल्या नाशिककरांना ही हकीकत ठाऊक असायला हवी.

पण त्याच देखरेखीखाली १८७९ मध्ये दुसरा एक करार झाला. इथल्या शेखांनी आपसांत लिहून दिले की एकाच्या मुलखातून कर्ज बुडवून पळालेला माणूस दुसऱ्याच्या मुलखात आला तर त्याला थारा द्यायचा नाही, परत पाठवायचा. पळणाऱ्यांत मोठा भरणा अर्थातच पाणबुड्यांचा. म्हणजे समुद्रावर सापडलेल्या गुलामाला सोडवायचे आणि जमिनीवर सापडलेल्या कर्जदाराला धरून द्यायचे, हे दोन्ही नियम एकाच किनाऱ्यावर बत्तीस वर्षांच्या अंतराने आले. गुलामी पाप ठरली होती. कर्ज मात्र कागद होता, आणि कागदाला पाप लागत नाही. यात आपले हिंदुस्थानी व्यापारी नामानिराळे नव्हते. त्यांची येणी बुडू नयेत ही रेसिडेन्सीची नेहमीची काळजी होती.

कुणाला वाटेल, हे वाळवंटातले मागासलेपण. म्हणून जरा अमेरिकेकडे पाहू. १७३२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींसाठी कायदा केला, की कर्जाच्या वसुलीसाठी ऋणकोची जमीन, घरे आणि गुलाम हे सारे जप्त करून विकता येईल. सावकाराला यामुळे निर्धास्तपणा आला आणि कर्ज सोपे झाले. जमीन लगेच विकत नाही, जागची हलत नाही. माणूस चालत बाजारात जातो आणि त्याला गिऱ्हाईक कायम असते. त्यामुळे तारण म्हणून माणूस जमिनीहून बरा ठरला. मळेवाला दहा माणसे गहाण टाकून पैसे घेई, त्या पैशांतून आणखी माणसे विकत घेई आणि त्यांनाही गहाण टाकी. गहाण पडलेली माणसे तिथेच राबत राहत. कित्येकांना आपण गहाण आहोत हे धनी दिवाळखोर झाल्यावर किंवा मेल्यावरच कळे.

सर्व माणसे समान आहेत असे जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या टॉमस जेफर्सन यांनीच १७९६ मध्ये आपल्या मळ्यांवरची शंभराहून अधिक माणसे कर्जापोटी गहाण टाकली. १८२६ मध्ये ते वारले तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होते. पुढच्या जानेवारीत त्यांच्या माँटिसेलोच्या घरी १३० माणसांच्या लिलावाची जाहिरात निघाली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. १८३८ मध्ये जॉर्जटाउनचे कॉलेज चालवणाऱ्या जेझुइट पाद्र्यांनी कर्जातून बाहेर पडण्यासाठी २७२ माणसे १,१५,००० डॉलरना विकली. बँकाही मागे नव्हत्या. लुइझियानातल्या दोन बँकांनी १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० माणसे तारण म्हणून घेतली आणि कर्जे बुडाल्यावर त्यांपैकी सुमारे १,२५० माणसांच्या त्या स्वतःच मालक झाल्या. या बँका पुढे ज्या मोठ्या बँकेत विलीन झाल्या त्या जे. पी. मॉर्गन चेसने २००५ मध्ये हे जाहीर करून माफी मागितली.

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामी संपली. पण त्यानंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या दुकानांत मस्कतहून जाणारा खजूर फार खपू लागला. तो बातिनाच्या ज्या बागांतून येई तिथे गुलाम राबत होते. पॅरिसच्या गळ्यातला मोती आणि न्यूयॉर्कच्या ताटातला खजूर, दोन्हींच्या मागणीने या किनाऱ्यावर माणसे ओढून आणली.

आणि आपण? पेशव्यांच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या आणि त्या बक्षीस दिल्याच्या नोंदी आहेत. १८४३च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे बंद केले. मग ठाणे जिल्ह्यात काय होते? डहाणू, तलासरी, उंबरगावच्या जंगलपट्टीत वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेई आणि फेडीपोटी नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी राबायला जात. त्याला 'लग्नगडी' म्हणत. केवढा गोड शब्द! पण कर्ज फिटत नसे, मुलेही त्याच अंगणात राबू लागत. १९४५च्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. वेठ करायची नाही, असे ठरले, आणि लग्नगडी घरोघर मोकळे होऊ लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. साऱ्या देशासाठी वेठबिगारी बंदीचा कायदा व्हायला मात्र १९७६ साल उजाडले.

इथल्या पाणबुड्यांची सुटका कुठल्याच सभेने केली नाही. जपानी कल्चर्ड मोती बाजारात आले, १९२९ची मंदी आली आणि मोत्यांचा भाव कोसळला. नाखुदे बुडाले, व्यापारी बुडाले. पोसणे जड झाल्यावर गुलामांना कुणी सोडून दिले, कुणी विकून टाकले. कित्येक जण पळून शारजाच्या इंग्रज एजन्सीत पोचले आणि त्यांनी मुक्तीचा दाखला मागितला. दाखल्यासाठी प्रत्येकाला आपली हकीकत सांगावी लागे. गाव कोणते, कुणी पळवले, कितीला विकले, किती वर्षे बुडी मारली. हे कागद आज लंडनमध्ये जपून ठेवले आहेत. चार-सहा ओळींची एकेक जिंदगी. १९६३ मध्ये इथल्या शेखांनी गुलामी बंद केल्याचे जाहीर केले. म्हणजे आपल्यातले जे सभासद सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांच्या हयातीतली ही गोष्ट.

आता त्या चिपळूणच्या मुलाकडे येऊ. तो गुलाम नाही. त्याला पगार आहे, मोबाइल आहे, गावाला परतायचे विमान आहे. दुःखाची बरोबरी लावून आम्हाला कुणाचेच दुःख स्वस्त करायचे नाही. पण "कर्ज आहे ना डोक्यावर" हे वाक्य आम्ही ज्या सहजपणे ऐकले आणि मान डोलावली, त्याची आम्हाला लाज वाटली. ते वाक्य फार जुने आहे. माणूस गहाण पडतो तेव्हा त्याला साखळीची गरज लागत नाही. त्याला स्वतःलाच वाटते की आपण देणे लागतो, आणि आजूबाजूच्या चांगल्या माणसांनाही तसेच वाटते.

म्हणून माहितीसाठी सांगतो. इथल्या २०२१च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्याप्रमाणे, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, नोकरीवर आणण्याचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही आणि त्याचा पासपोर्ट मालकाला ठेवून घेता येत नाही. घरकामाला ठेवलेल्या माणसांसाठी २०२२चा वेगळा कायदा आहे, त्यातही हे संरक्षण आहे. भारतातही १९८३च्या कायद्याखाली एजंटाची नोंदणी असावी लागते आणि त्याने घ्यायच्या पैशाला मर्यादा आहे. म्हणजे कायदा त्या मुलाच्या बाजूने आहे. कमी आहे ती त्याच्याबरोबर तक्रार करायला जाणाऱ्या माणसाची. आता मंडळातले दोन सभासद त्याच्याबरोबर जाणार आहेत. काय झाले ते पुढच्या अंकात कळवू.

आणि एक कटू गोष्ट. आपल्यातल्याही काही घरांत कामाला ठेवलेल्या बाईचा पासपोर्ट 'हरवू नये म्हणून' आपल्या कपाटात असतो. आमच्यापैकी एकाच्या घरी होता. हा लेख लिहायला घेतल्यावर तो त्या बाईंच्या हाती दिला. त्यांनी काही न बोलता तो उघडून स्वतःचा फोटो पाहिला आणि पिशवीत ठेवला. इतर सभासदांनीही आपापली कपाटे उघडून पाहावीत, ही नम्र विनंती.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. बाळा, तुझ्या आजीच्या नथीतले मोती याच समुद्रातून आले. ते काढणारा कदाचित मकरानचा असेल, कदाचित झांझिबारकडचा, कदाचित आपल्या या गावातला, ज्याचे नातू-पणतू आज समुद्रावर आपल्या शेजारी फिरायला येतात. आजीची नथ अडीअडचणीला गहाण पडली असेल, तर ती सोडवूनही आणली असेल, म्हणून तर ती आज तुझ्या आईच्या नाकात आहे. मोती काढणाऱ्याला सोडवायला मात्र कुणी आले नव्हते. नथ जरूर घाल. ती घालताना हे आठवणीत असू दे.